शास्ता तलावावर हिवाळ्यातली ट्राउट-सॅमनची मासेमारी: या चुका टाळा

थँक्सगिव्हिंग उलटला की बे एरियातल्या बहुतेक हौशी मंडळींचे रॉड गॅरेजच्या कोपऱ्यात जातात ते थेट एप्रिलमध्ये बाहेर निघतात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ता तलावाच्या बाबतीत हे नेमकं उलटं व्हायला हवं. डिसेंबर ते मार्च या दिवसांत इथला ट्राउट पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. हाऊसबोटी आणि वॉटर-स्कीवाले गायब असतात. ज्याच्याकडे बोट नाही, त्यालाही काठावरून मासा लागण्याची खरी संधी वर्षातून याच काळात मिळते. तरीही कित्येक जण रिकाम्या हातांनी परततात. बऱ्याच वेळा कारण एकच: जूनमध्ये जे जमलं होतं, तेच जानेवारीत करून पाहायचं.

आधी तलावाचा आवाका लक्षात घ्या. सॅक्रामेंटो, मॅक्लाउड आणि पिट या तीन नद्या अडवून १९३८ ते १९४५ या काळात बांधलेलं शास्ता धरण ६०२ फूट उंच आहे. तलाव पूर्ण भरला की पाणीसाठा सुमारे ४५ लाख ५० हजार एकर-फूट. आपल्या हिशेबात सांगायचं तर १९८ टीएमसीच्या आसपास, म्हणजे कोयनेच्या जवळपास दुप्पट. कॅलिफोर्नियातला हा सर्वांत मोठा जलाशय, आणि किनाऱ्याची लांबी ३६५ मैल. एवढ्या पाण्यात मासा कुठे असेल याचा विचार न करता गळ टाकणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

उन्हाळ्यातली खोली हिवाळ्यात धरून बसणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात.

उन्हाळ्यात तलावाचे थर पडतात. वर कोमट पाणी, खाली थंड पाणी आणि मधे एक पातळसा पट्टा, जिथे तापमान झपाट्याने उतरतं. ट्राउटला साधारण ५० ते ६० अंश फॅरनहाइटचं पाणी मानवतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तो साठ, ऐंशी, कधी शंभर फुटांवर अडकून असतो. वर आला तर उष्ण पाण्याने धापा टाकेल. म्हणून उन्हाळ्यात डाउनरिगर (जड गोळ्याने दोरी ठरावीक खोलीवर नेणारं यंत्र) लावून आमिष खोल न्यावं लागतं, आणि एकदा नेमकी खोली सापडली की दिवसभर तीच चालते.

शरद ऋतूत वरचं पाणी थंड होतं, जड होतं आणि खाली बुडायला लागतं. वारा त्याला ढवळतो. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत थर मोडतात आणि वरपासून बऱ्याच खोलीपर्यंत पाणी जवळपास एकाच तापमानाचं होतं. शास्ता गोठत नाही. भर हिवाळ्यात पृष्ठभागाचं पाणी ५० अंशांच्या आसपास किंवा थोडं खाली असतं, आणि हे तापमान ट्राउटला अजिबात वाईट नाही. आपल्याला बोचणारी थंडी त्याला बोचत नाही.

आता त्याला खोलीवर बांधून ठेवणारं काही उरलं नाही. तापमान सगळीकडे सारखंच, तर मग तो जातो अन्नाकडे. शास्तात अन्न म्हणजे मुख्यतः थ्रेडफिन शॅड, दोन-चार इंचांचा चंदेरी मासा, जो थव्याने फिरतो आणि बहुतेक वेळा वरच्या पाण्यात राहतो. त्यामुळे सकाळी आणि ढगाळ दिवशी आमिष पृष्ठभागापासून दहा फुटांच्या आत ठेवा. लख्ख ऊन पडलं, वारा थांबला, की वीस-तीस फुटांपर्यंत उतरा. सुरुवातीलाच साठ फुटांवर डाउनरिगर सोडणारे लोक दरवर्षी दिसतात. त्यांच्या आमिषाच्या पन्नास फूट वरून मासे जात असतात.

यातच दुसरा गैरसमज मिसळलेला असतो: थंडीत मासा सुस्त होतो, खात नाही. बास या इथल्याच दुसऱ्या माशाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. ट्राउट थंड पाण्याचाच मासा, त्याला हे गणित लागू करू नका.

बोट माशाच्या डोक्यावरून नेणं

मासा ऐंशी फुटांवर असतो तेव्हा वरून बोट गेल्याचं त्याला फारसं काही वाटत नाही. पाच फुटांवर असलेला मासा मात्र इंजिनाचा आवाज आणि सावली आली की बाजूला सरतो. ट्रोलिंग करताना, म्हणजे संथ चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, उन्हाळ्यात पंधरा-वीस फूट मागे सोडलेलं आमिष चालून जातं. हिवाळ्यात वरच्या पाण्यात दोरी दीडशे ते दोनशे फूट मागे हवी. पाणी आरशासारखं स्वच्छ असेल तर त्याहूनही लांब.

साइड प्लॅनर असेल तर उत्तमच. ही छोटी फळी दोरीला धरून आमिष बोटीच्या बाजूला, न बुजलेल्या पाण्यात घेऊन जाते. नसेल तर बोट सरळ रेषेत न नेता नागमोडी चालवा. फुकटातला उपाय आहे, आणि याचा आणखी एक फायदा खाली येतोच.

दोरीचा शेवटचा तुकडा, लीडर, सहा ते आठ पौंडांचा फ्लुओरोकार्बन पुरे. बासच्या रीलवरची जाड दोरी तशीच वापरली तर छोटा स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष, नीट हलत नाही, आणि स्वच्छ पाण्यात दोरी दिसते ते वेगळंच. आमिषाच्या आधी बॉल-बेअरिंगचं चांगलं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, बांधा. स्वस्तातलं बांधलं तर तासाभरात दोरीला एवढा पीळ बसतो की पुढचा तास तो सोडवण्यात जातो.

वेगाचा आकडा स्क्रीनवरून उचलणं

जीपीएस बोटीचा जमिनीवरचा वेग दाखवतो, पाण्यातला नाही. नदीच्या फाट्यात, म्हणजे तलावाच्या नदीकडच्या शाखेत, वादळानंतर प्रवाह असतो, मुख्य पात्रात वारा ढकलत असतो. उत्तरेकडे जाताना ताशी दीड मैलाने सुरेख नाचणारं आमिष दक्षिणेकडे जाताना त्याच दीड मैलावर मेल्यासारखं लोंबकळू शकतं. म्हणून आमिष सोडण्याआधी ते बोटीच्या कडेला पाण्यात धरा आणि डोळ्यांनी बघा. स्पून डावी-उजवीकडे झुलायला हवा, चक्रासारखा गरगर फिरायला नको. दिशा बदलली की पुन्हा बघा.

ढोबळ आकडे हवेच असतील तर डॉजर (आमिषाच्या पुढे बांधायची चमकती पट्टी) आणि गांडूळ लावलं असेल तेव्हा ताशी १.२ ते १.८ मैल, आणि शॅडसारखा दिसणारा छोटा स्पून किंवा प्लग (माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष) असेल तर २ ते २.८ मैल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच वेगाने ओढणं ही नेहमीची चूक. एकाचा तरी वेग चुकणारच.

नागमोडी चालीचा दुसरा फायदा आता सांगतो. बोट डावीकडे वळली की डाव्या बाजूचं आमिष मंदावतं आणि थोडं खाली बुडतं, उजवीकडचं वेग घेतं आणि वर येतं. वळणावर मासा लागला तर कोणत्या रॉडला लागला ते बघा. आतल्या रॉडला सारखे लागत असतील तर वेग कमी करा किंवा आमिष खाली न्या. बाहेरच्या रॉडला लागत असतील तर वेग वाढवा. बोटीवरची दुसरी कोणतीही यंत्रणा ही माहिती इतक्या सहज देत नाही.

फिश फाइंडर कोरा, म्हणून जागा सोडणं

फिश फाइंडरचा ध्वनिकिरण शंकूच्या आकाराचा असतो. २० अंशांचा शंकू धरला तर दहा फूट खोलीवर तो जेमतेम साडेतीन फूट रुंदीचं वर्तुळ बघतो. तेही नेमकं बोटीखालचं, जिथून वरचे मासे आधीच पळालेले असतात. तेव्हा हिवाळ्यात स्क्रीनवर कमानी दिसत नाहीत याचा अर्थ मासे नाहीत असा होत नाही.

मग यंत्र कशासाठी? शॅडचे थवे शोधण्यासाठी. ते ढगासारखे दिसतात आणि ते वीस-तीस फुटांवर असले तर यंत्र त्यांना पकडतं. त्याखेरीज डोळे वापरा. ग्रीब पक्षी सारखे बुड्या मारताहेत, सीगल एका जागी घिरट्या घालताहेत, तर खाली शॅड आहेत आणि शॅडमागे ट्राउट असण्याची शक्यता मोठी. कडाक्याची थंडी पडली की शॅड अर्धमेले होऊन पृष्ठभागाजवळ थरथरत राहतात, कारण ४५ अंशांच्या खालचं पाणी त्यांना सोसत नाही. अशा वेळी ट्राउटला पाठलागाचे श्रमच उरत नाहीत. तेव्हा वेगाने ओढलेल्या आमिषापेक्षा मधूनमधून थांबणारं, कलंडणारं आमिष जास्त चालतं.

बोट नाही म्हणून घरी बसणं

वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे बोट नसेल, म्हणून इथे जरा थांबतो. मासा साठ फुटांवर असताना काठावरचा माणूस हतबल असतो. मासा पाच फुटांवर असेल तर बोट आणि काठ यांतला फरक फार कमी होतो. धरणाजवळचा फिशरमन्स पॉइंट, जोन्स व्हॅलीचा काठ, पाणी खोल होत जाणारी टोकं आणि ओढ्यांची मुखं या जागा हिवाळ्यात बघण्यासारख्या आहेत. पाऊस पडून गेल्यावर ओढ्यातून ताजं पाणी येतं आणि त्याच्याबरोबर गांडुळं, किडे वगैरे खाणंही वाहून येतं. ट्राउट तिथे येऊन थांबतो.

काठावरच्या चुका वेगळ्या असतात. पहिली: जमेल तितक्या लांब फेकणं. हिवाळ्यात मासा पुष्कळदा काठाला समांतर, दहा-पंधरा फुटांवरून फिरत असतो. आल्याआल्या गुडघाभर पाण्यात उतरून सत्तर फुटांवर फेकणारा माणूस आपणच त्याला घालवून देतो. पहिले काही फेक काठापासून मागे उभं राहून, काठाला समांतर टाका. पाव औंसाचा कास्टमास्टर किंवा तसाच चंदेरी स्पून घ्या आणि पाण्यात पडल्यावर लगेच ओढायला लागू नका. दोन-तीन अंक मोजा, मग ओढा. पुढच्या फेकीला पाच मोजा, नंतर आठ. कोणत्या अंकाला लागतो ते लक्षात ठेवलं की खोली कळली.

दुसरी चूक आमिष तळाशी गाडून ठेवण्याची. पॉवरबेट हे विकतचं पिठाच्या गोळ्यासारखं आमिष तरंगतं, गांडूळ तरंगत नाही. गांडुळात छोट्या सुईच्या बाटलीने थोडी हवा भरली की तेही तळापासून वर उचललं जातं. सरकतं शिसं, स्विव्हल आणि पुढे दीड ते तीन फुटांचा लीडर, एवढी मांडणी पुरते. लीडर सहा इंचांचा ठेवला तर आमिष चिखलातच बसतं. गळ लहान घ्या आणि आमिषाच्या गोळ्यात पूर्ण लपवा. वरच्या पाण्यातल्या माशासाठी दोरीवरच्या तरंगत्या फुग्याच्या (बॉबरच्या) खाली चार-पाच फुटांवर गांडूळ सोडलं तरी चालतं. आपल्याकडे तळ्यावर लहान मुलं जे करतात तेच हे, आणि जानेवारीत शास्तावर ते महागड्या सरंजामाइतकंच काम करतं.

तिसरी गोष्ट पायांखालची. पाणी उतरलेलं असलं की झाडांची रेषा आणि पाणी यांच्यामध्ये लाल मातीचा उघडा, तीव्र उताराचा पट्टा असतो. कोरडा असताना तो भुसभुशीत, पावसात साबणासारखा. पाण्यालगतचा मऊ गाळ गुडघ्यापर्यंत पाय ओढून घेतो. लांब काठी घ्या, खाचांचे बूट घाला, आणि लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या अंगावर काठावरसुद्धा लाइफ जॅकेट असू द्या.

इथला पावसाळा हिवाळ्यात असतो हे विसरणं

महाराष्ट्रात धरण जूनपासून भरतं. इथे पाऊस नोव्हेंबर ते मार्च. पुराचं पाणी सामावून घ्यायला जागा हवी म्हणून शास्ताची पातळी हिवाळ्याच्या सुरुवातीला मुद्दामच खाली ठेवलेली असते. पूर्ण भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून १०६७ फूट. हिवाळ्यात ती कितीतरी खाली असू शकते, आणि एका मोठ्या वादळात झपाट्याने वर येऊ शकते.

याचे परिणाम तीन. एक म्हणजे बोट उतरवायचे सगळे रॅम्प सगळ्या पातळ्यांना चालत नाहीत. दोनशेहून अधिक मैल बोट ओढत नेऊन रॅम्पच्या टोकाखाली चिखल बघायचा नसेल तर निघण्याआधी धरण चालवणाऱ्या ब्युरो ऑफ रिक्लमेशनकडची त्या दिवसाची पातळी आणि सेंटिमुडी, जोन्स व्हॅली, पॅकर्स बे यांपैकी कोणता रॅम्प उघडा आहे ते तपासा. दुसरा परिणाम: पाणी चढताना काठावर अडकलेले ओंडके, फांद्या, मुळं सगळं सुटून पाण्यावर येतं. अर्धे बुडालेले ओंडके पहाटेच्या अंधुक उजेडात दिसत नाहीत. वादळानंतर पहिले दोन-तीन दिवस बोट भरधाव नेण्याचा मोह आवरा. पिट नदीच्या फाट्यात तर धरण बांधताना न तोडलेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत. तिथे डाउनरिगरचा गोळा खाली सोडलात तर तो परत येईलच असं नाही.

तिसरा परिणाम माशांवर. नदीच्या फाट्यांतून गढूळ पाणी आत येतं आणि अमुक एका जागी चहासारखं पाणी आणि हिरवं पाणी यांची स्पष्ट रेषा दिसते. पूर्ण गढूळ पाण्यात ट्रोलिंग करणं व्यर्थ, कारण ट्राउट डोळ्यांनी शिकार करतो. पण गढूळ पाणी बघून थेट घर गाठणंही चूक. त्या रेषेच्या स्वच्छ बाजूने, तिला समांतर आमिष न्या. सीमेवर शॅड गोंधळलेले असतात आणि ट्राउट स्वच्छ बाजूला दबा धरून असतो. हलक्या गढूळ पाण्यात चंदेरीऐवजी नारिंगी किंवा पिवळसर-हिरवा रंग लावून पाहा.

सॅमनला ट्राउटचेच नियम लावणं

शास्तातला सॅमन म्हणजे तलावात सोडलेला चिनूक, मासेमारांच्या भाषेत किंग. समुद्रातून वर येणारा सॅमन ६०२ फुटांची भिंत चढू शकत नाही. धरण झालं आणि त्याचा मॅक्लाउडकडचा रस्ता बंद झाला, आणि त्याच पाण्याखाली इथल्या मूळ रहिवासी विन्नेमेम विंटू लोकांची गावं गेली. याच मॅक्लाउड नदीवर १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी सॅमनच्या अंड्यांचं केंद्र उभारलं होतं, आणि इथून गेलेल्या अंड्यांमधून न्यूझीलंडमध्ये चिनूक रुजला. मूळ गावी उपरा झालेला मासा तिकडे मजेत नांदतो. २०२२ पासून हिवाळ्यात नदीत येणाऱ्या चिनूकची अंडी पुन्हा मॅक्लाउडमध्ये नेण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे.

मुद्द्यावर येतो. किंगला उजेड आवडत नाही आणि हिवाळ्यातही तो ट्राउटपेक्षा बराच खोल, साठ ते दीडशे फुटांवर असू शकतो. तेव्हा वर सांगितलेलं ‘वरच राहा’ हे सॅमनला लागू नाही. पहाटेचा पहिला तास तो वर येतो, नंतर उतरतो. एका रॉडने दोन्ही धरू पाहणारा बहुधा दोन्ही गमावतो. आधी ठरवा. सॅमनसाठी निघाला असाल तर फिश फाइंडर इथे खरा उपयोगी पडतो: खोल पाण्यातला शॅडचा ढग शोधा, त्याच्या किंचित वर आमिष ठेवा आणि तुकडा केलेली अँचोव्ही ही छोटी मासळी संथ गिरक्या घेत जाईल अशी लावा. किंवा बोट थांबवून जड जिग (वरखाली हलवायचं वजनदार आमिष) सरळ खाली सोडा. झटका बहुतेकदा जिग खाली पडत असताना बसतो, दोरी सैल पडली की समजायचं.

हातात आलेला मासा कोणता ते ओळखता यायला हवं. किंगच्या खालच्या जबड्यातल्या हिरड्या काळ्या असतात आणि गुदपराचे काटे तेरा किंवा अधिक. ट्राउटला बारा किंवा कमी.

२०२३ आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रातली सॅमनची मासेमारी पूर्ण बंद होती. ते ऐकून तलावातलाही सॅमन बंद, असं समजणारे भेटतात. तलावातल्या माशाचे नियम स्वतंत्र आहेत. रोज किती मासे नेता येतील, कोणतं आमिष चालेल, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतून बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

परवाना, कार्ड आणि शिंपले

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. २०२३ पासून तो घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो, त्यामुळे आता डिसेंबरमध्ये घ्यायला हरकत नाही. दुसरा रॉड लावायचा तर वेगळी परवानगी. भारतातून आलेले आईवडील नुसता रॉड धरून बसणार असले तरी त्यांनाही परवाना हवा, एक दिवसाचा मिळतो. स्वतःची मोटरबोट चालवणाऱ्याला २०२५ पासून वयाची अट न ठेवता कॅलिफोर्निया बोटर कार्ड लागतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅक्रामेंटो-सॅन वाकीन डेल्टामध्ये गोल्डन मसल हे परके शिंपले सापडले आणि तेव्हापासून अनेक तलावांवर बोटींची तपासणी कडक झाली आहे. डेल्टात वापरलेली बोट किंवा कयाक मित्राकडून आणणार असाल तर ती पूर्ण उपसलेली आणि कोरडी हवी.

थंड पाण्याला हलकं घेणं

हवा ५५ अंश फॅरनहाइट, ऊन पडलेलं, म्हणून लाइफ जॅकेट सीटखाली. हे दृश्य नेहमीचं आहे, आणि इथे मी अजिबात सौम्यपणे लिहिणार नाही: हिवाळ्यात ते अंगावरच हवं, पट्टे बांधून. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासाचा ताबा सुटतो आणि धाप लागते. त्या धापेत पाणी फुप्फुसात गेलं की पोहता येतं की नाही हा प्रश्नच उरत नाही. पुढची दहा मिनिटं हात-पाय कामाचे राहतात, नंतर बोटं दोरीही धरू शकत नाहीत. शुद्ध हरपायला तासभर लागतो. बुडणारे बहुतेक त्या तासापर्यंत पोचतच नाहीत.

जीन्स आणि सुती स्वेटशर्ट घालू नका, भिजल्यावर सुती कपडा ऊब धरत नाही. लोकर किंवा सिंथेटिक घाला आणि कपड्यांचा एक जोड बंद पिशवीत ठेवा. वादळ ओसरल्यावर उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, तेव्हा छोट्या बोटीने रुंद पाणी ओलांडायच्या फंदात पडू नका. डिसेंबरअखेर सूर्य पाचच्या आत मावळतो, त्यामुळे परतीची वेळ घरून निघतानाच ठरवा.

रस्त्याचंही एक: आय-५ महामार्गावर सॅक्रामेंटो ते रेड ब्लफ या सपाटीवर हिवाळी पहाटे दाट धुकं असतं. पहाट गाठायची असेल तर आदल्या रात्री रेडिंगला मुक्काम करणं शहाणपणाचं.

लागलेला मासा सुटतो तेव्हा

सारखे मासे सुटत असतील तर बहुधा रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ब्रेक, घट्ट आहे. ट्राउटचं तोंड मऊ असतं. हाताने ओढल्यावर दोरी सहज सुटेल इतका ड्रॅग सैल ठेवा. ट्रोलिंगमध्ये रॉड वाकला की झटका मारू नका, चालत्या बोटीने गळ आधीच रोवलेला असतो. मासा बोटीजवळ आला की दुसऱ्यांदा उसळी घेतो आणि सर्वांत जास्त मासे तिथेच जातात. त्या क्षणी रॉड वर न नेता बाजूला झुकवा. जाळी माशाच्या मागे नेऊ नका. ती पाण्यात स्थिर धरा आणि माशाला डोक्याकडून तिच्यात येऊ द्या.

गळाची टोकं नखावर घासून बघा. घसरली तर धार लावा किंवा गळ बदला. नव्या पाकिटातले गळही नेहमी धारदार असतातच असं नाही.

सोडायचा मासा ओल्या हातांनी धरा. गळ आत गिळलेला असेल तर उपटून काढण्यापेक्षा दोरी तोंडाजवळ कापलेली बरी.

तास-दीड तास काहीच नाही

एकाच वेळी सगळं बदलू नका, नाहीतर काय लागू पडलं ते कधीच कळत नाही. आधी वेग बदला, मग दोरीचं अंतर, मग खोली, सर्वांत शेवटी रंग. लोक नेमकं उलट करतात, कारण डब्यातले रंग बदलणं सोपं. लेडकोर, म्हणजे शिशाचा गाभा असलेली आणि ठरावीक अंतराने रंग बदलणारी दोरी वापरत असाल तर एक रंग म्हणजे तीस फूट दोरी, आणि ढोबळमानाने पाच फूट खोली. एकेक रंग सोडत उतरा. तरीही काही नाही, तर एखाद-दोन मैल दूर दुसऱ्या फाट्याच्या तोंडाशी जा. शॅड नाहीत तिथे चिकाटी कामाची नाही.

मासा घरी नेताना

थंडी आहे म्हणून बर्फ नको, असं समजून बादलीत ठेवलेला ट्राउट घरी पोचेपर्यंत पिळपिळीत होतो. मारल्याबरोबर कल्ला कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा. साफ करताना पाठीच्या कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ नखाने किंवा चमच्याने पूर्ण खरवडा, राहिली तर कडवट लागते. खवले काढायची गरज नाही. रवा लावून तळणार असाल तर पापलेटपेक्षा कमी वेळ लागतो, आणि कालवणात टाकायचा तर रस्सा उकळून झाल्यावर अगदी शेवटी, नाहीतर तुकडे विरघळतात. तलावातला सॅमन सुशीसाठी कच्चा वापरू नका, गोड्या पाण्यातल्या माशांत परजीवी असू शकतात. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी पाऱ्याबद्दलच्या राज्याच्या सूचना बघून घ्या. बासच्या मानाने ट्राउटमध्ये पारा साधारणपणे कमी असतो.

आणि पोट फेकून देण्याआधी उघडून बघा. आत दीड इंचाचे शॅड आहेत की तीन इंचांचे? दुसऱ्या दिवशीचा स्पून तेवढ्याच लांबीचा निवडा.